दहा बाय अकरा

मुफद्दलभाई आधी बजेट विचारत नाहीत.
रविवार कारंजापाशी जिना चढून गेलं की
चष्मा कपाळावर सरकवून म्हणतात, "खोली सांगा."

मी बोट दाखवलं होतं काळ्या जोडीकडे,
कमरेएवढी उंच, पोटात बारा इंची कोन.
तीन वर्षांच्या भिशीचे पैसे
खिशात गरम झाले होते.
खोली? खोली काय, असते तशी आहे.
"असते तशी म्हणजे हॉल की डबा?"
मला सांगता येईना.
तेहतीस वर्षं ज्या खोलीत झोपतोय
तिची लांबी मला ठाऊक नव्हती.

घरी आलो, सिडकोत, पवननगरच्या मागे.
आईच्या शिवणाच्या डब्यातला टेप घेतला.
टेप दीड मीटरचा, भिंत संपेना;
पेन्सिलीची खूण, पुन्हा टेप, पुन्हा खूण.
दहा बाय अकरा. उंची नऊ.
गुणलं तर हजाराला दहा कमी.
त्यातून वजा दिवाण, लोखंडी कपाट,
गव्हाची कोठी, पलीकडे रचलेल्या सहा गाद्या
आणि वडील.

मधोमध उभं राहून एकदा टाळी वाजवा,
मुफद्दलभाई म्हणाले होते,
परत काय येतं ते ऐका.
वाजवली.
परत आली ती आई, हातात झाडू घेऊन:
"कुठेय पाल?"

दुसऱ्या दिवशी कागद पुढे केला.
त्यांनी तो दोनदा वाचला आणि काळ्या जोडीवर
फडकं टाकलं, पोपटाच्या पिंजऱ्यावर टाकतात तसं.
"हे नेलेत तर खालचा सूर कोपऱ्यात साचेल,
मोरी तुंबल्यावर पाणी साचतं तसा.
भांडी बोलतील, गाणारा नाही.
अंथरूण पाहून पाय म्हणता ना तुम्ही लोक,
तसं भिंती पाहून कोन."
मग वरच्या फळीवरून दोन खोकी काढली,
पाच इंची, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याहून जराशी मोठी.
"भिंतीपासून हातभर पुढे. बसल्यावर कान येतो
तेवढी उंची. दोघांत जितकं अंतर
तितकंच माणसापासून."
कागदावर त्रिकोण काढला. "टोकाला तुम्ही."

टोकाला मी नाही बसत, म्हटलं. वडील बसतात.
सातपूरला, प्रेसशॉपमध्ये एकतीस वर्षं;
दीडशे टनी मशीन त्यांच्या डाव्या अंगाला होतं.
डावा कान तिथेच राहिला.
निवृत्तीच्या हिशेबात तो कुणी धरला नाही,
त्यांनीही नाही.

मुफद्दलभाईंनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.
त्रिकोण खोडला नाही,
टोकावर एक छोटी खुर्ची काढली, तिरकी.
"डावीकडे वळवून ठेवा. उजवा कान समोर येऊ दे.
पुस्तकात असं नसतं. पण पुस्तक काय
त्या खुर्चीत बसणार आहे?"

एक खोकं आता गव्हाच्या कोठीवर आहे,
एक शिवणयंत्रावर.
यंत्र द्यायला आईनं चार दिवस लावले
आणि खाली घालायला स्वतःच गोधडीची घडी दिली.

रविवारी दुपारी लावलं. आवाजाचं बटण
छोटा काटा आठावर असतो तेवढंच.
गाणारी बाई सुरू होण्याआधीच
वडिलांनी हात वर केला, थांब.
"आत्ता कुणी श्वास घेतला?"
आतून आई म्हणाली, "माझा कुकर आहे तो."

मी काही बोललो नाही. पहिल्यापासून लावलं.
त्यांनी खुर्ची आणखी थोडी डावीकडे सरकवली;
आता ते जवळजवळ कपाटाकडे तोंड करून बसले होते,
डोळे मिटून,
शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे.
"घेतला," ते म्हणाले. "कुकर नाही."

तिसऱ्यांदा लावायच्या आधी
आईनं गॅस बारीक केला.